गालावरचा खड्डा: स्वतःची चरबी की फिलर?

कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीच्या फाउंड्रीत वितळलेल्या धातूचा रस उडून भाजलेली जखम भरते. गालावर खड्डा आणि ताठर व्रण मात्र राहतो.

फिलर म्हणजे हायल्युरॉनिक आम्लाची जेल. अर्ध्या तासाचं काम, साधारण 6 ते 18 महिने टिकतं. बिनसलं तर हायल्युरॉनिडेज या ती जेल तोडणाऱ्या औषधाने विरघळवता येतं. व्रण मात्र होता तसाच कडक.

चरबीला खटाटोप जास्त. पोटातून किंवा मांडीतून कमी दाबाने ओढायची, यंत्रात मिनिटाला 3000 फेऱ्यांनी 3 मिनिटं फिरवायची. सिरिंजमध्ये वर तेल, खाली रक्तपाणी. मधला पिवळा थर तेवढा कामाचा. तो 1 मिलीच्या सिरिंजने, बोथट कॅन्युला (बारीक नळी) मागे घेत, खड्ड्यात दर वेळी 0.1 मिलीहून कमी सोडायचा. घाईत गोळा पडला की आतल्या पेशींना रक्त पोचत नाही, त्या मरतात आणि तेलाची गाठ होते. पहिल्या 3-4 महिन्यांत काही चरबी जिरतेच, म्हणून दुसरी बैठक गृहीत धरा. (बिडी-सिगारेट आधी बंद!) बदल्यात व्रण बऱ्याचदा मऊ पडतो.

जुन्या ताठर व्रणाला आमचं मत चरबीलाच. लग्न महिन्यावर आलं असेल तर फिलर, कारण चरबीची सूज तोवर पुरती उतरेलच असं नाही. चुकून रक्तवाहिनीत शिरलं तर दोन्हींत डोळा जाऊ शकतो. आणि अशी अडकलेली चरबी विरघळवणारं औषध नाही.