परदेशी मागणीचा छापील माल: टपाल, कुरिअर की जहाज?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-महापे पट्ट्यात छपाई करून घेणाऱ्या छोट्या प्रकाशकाकडे न्यू जर्सीहून पुस्तकांची, लंडनहून कॅलेंडरांची किंवा दुबईहून लग्नपत्रिकांची मागणी आली, की तो बहुधा आधी किलोमागे दर किती, हे विचारतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत: माल जागा किती व्यापतो आणि तो एखाद्या तारखेला बांधलेला आहे का.

खासगी एक्स्प्रेस कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि घनफळावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारणी करतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागले की हे दुसरे वजन किलोमध्ये मिळते. ४०×३०×२० सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन ४.८ किलो येते. पुस्तके ठासून भरलेले तेवढेच खोके काट्यावर त्याच्या कितीतरी पुढे जाते, त्यामुळे पुस्तकांना हा नियम जाचत नाही. पोस्टर्सना मात्र तो चांगलाच जाचतो. ७५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीतील माल अर्धा किलोचा असला, तरी पैसे दीड किलोचे पडतात. तीच पोस्टर्स ६ सेंटिमीटरच्या नळीत मावली, तर आकडा ५४० ग्रॅमवर येतो. म्हणून नळी ठरवल्याशिवाय दर विचारण्यात अर्थ नाही.

दोन-तीन पुस्तकांच्या पार्सलासाठी मी भारतीय टपाल खात्याला पसंती देईन. डाक घर निर्यात केंद्रांमुळे टपालाने होणाऱ्या निर्यातीचे सीमाशुल्क विभागासाठीचे विवरणपत्र (पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट) ऑनलाइन भरता येते. विक्रीचा माल असल्याने आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, काढून ठेवावा. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. कुरिअर महाग पडते, पण माल दारातून उचलते, सीमाशुल्काची प्रक्रिया स्वतः पार पाडते आणि बहुतेक मोठ्या शहरांत आठवड्याच्या आत पोहोचवते. लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक उशिरा पोहोचले तर त्यांचा उपयोगच उरत नाही, त्यामुळे तिथे कुरिअरचा जादा खर्च मला रास्त वाटतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतांश पार्सले घेणे थांबवावे लागले आणि ही सेवा १५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पूर्ववत झाली. तारखेचा माल एकाच मार्गावर विसंबून ठेवू नये, तो यासाठीच.

न्हावा शेवा बंदर जवळ असले, तरी जहाजाचा विचार माल निदान घनमीटरभर असेल तेव्हाच करावा. लाकडी पॅलेट वापरल्यास त्यावर आयएसपीएम-१५, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, उष्णता-प्रक्रिया झाल्याचा शिक्का लागतो.

मार्ग कोणताही निवडला, तरी कागदपत्रांवर नुसते ‘छापील साहित्य’ असे लिहू नये. पुस्तकांचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, ४९०१, शुभेच्छापत्रांचा व निमंत्रणपत्रिकांचा ४९०९ आणि कॅलेंडरांचा ४९१० आहे. ब्रिटनमध्ये पुस्तकांवर शून्य व्हॅट असतो, तर कॅलेंडरांवर २० टक्के. दोन्ही एकाच खोक्यात भरली असतील, तर त्यांच्या किमती बिलावर वेगवेगळ्या दाखवणे ग्राहकाच्याच हिताचे आहे. आयात कर कोण भरणार, हेही मागणी स्वीकारतानाच लेखी ठरवावे, नाहीतर पार्सल दाराशी येऊन परत फिरते.

पॅकिंगमध्ये मात्र काटकसर मला मान्य नाही. पुस्तकाचे नुकसान बहुधा कोपऱ्यापासून सुरू होते: खोक्यात बोटभर जागा मोकळी राहिली, तरी प्रत्येक आपटण्यासरशी गठ्ठा सरकतो आणि सर्वांत खालच्या प्रतीचा कोपरा दुमडतो. प्रत्येक प्रत श्रिंक रॅपमध्ये असावी, कणे आलटून-पालटून ठेवून गठ्ठा आडवा रचावा, पोकळी चुरगळलेल्या कागदाने घट्ट भरावी आणि पाच प्लायचा (पाच थरांच्या पुठ्ठ्याचा) खोका दहा-बारा किलोंच्या वर जाऊ देऊ नये. आपल्या पावसाळ्यात कागद दमटपणा ओढून घेतो, म्हणून छपाईनंतर माल कोरडा झाल्यावरच सिलिका जेलच्या पुड्या घालून तो बंद करावा.

पैसे आगाऊच घ्यावेत. प्रश्न ते कोणत्या मार्गाने घ्यायचे, हा आहे. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेची मोठी मागणी असेल, तर स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, थेट बँकेत रक्कम घेणे सोयीचे ठरते, कारण मधल्या बँकांची ठरावीक कपात मोठ्या रकमेत फारशी जाणवत नाही. एका पुस्तकाच्या मागणीत तीच कपात नफा खाऊन टाकते, तिथे कार्ड किंवा पेपाल बरे. त्यांचे शुल्क टक्केवारीने जाते आणि विनिमय दरातही थोडे नुकसान होते. शिवाय पेपालवर ग्राहक १८० दिवसांपर्यंत तक्रार नोंदवू शकतो, म्हणून पोचपावती आणि ट्रॅकिंगची नोंद तेवढा काळ जपून ठेवावी. काही अनिवासी ग्राहक आपल्या भारतातील खात्यातून यूपीआयने रुपये पाठवू पाहतात. ते सोपे आणि स्वस्त असले, तरी एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातील रुपयांच्या, खात्यातून आलेली रक्कम निर्यातीची परकीय चलनातील वसुली म्हणून दाखवणे अवघड जाते. त्यामुळे असा व्यवहार स्वीकारण्यापूर्वी आपल्या बँकेला विचारावे आणि परदेशातून येणाऱ्या आगाऊ रकमेसाठी पी०१०३ हा परपज कोड (रक्कम कशासाठी आली हे सांगणारा बँकेचा क्रमांक) नोंदवला गेल्याची खात्री करून घ्यावी.