डेनुवोवाला गेम घ्यायचा का? नागपूरच्या पीसी गेमरसाठी

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात गेमच्या पानावर उजवीकडे ‘डेनुवो’ लिहिलेलं दिसलं, तर पैसे भरण्याआधी थांबा. डेनुवो म्हणजे गेमची चोरटी कॉपी रोखणारं कुलूप. ते पहिल्यांदा गेम सुरू करताना नेटवरून परवाना घेतं आणि तो तुमच्या हार्डवेअरला बांधतं. प्रोसेसर बदलला की परवाना पुन्हा लागतो. मे महिन्यातल्या वादळात नेट गेलं आणि नेमका तेव्हाच परवाना लागला, तर विकत घेतलेला गेमही उघडत नाही. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर नेट असतानाच मेन मेनूपर्यंत जाऊन या. स्टीम डेकवर (स्टीमचं हातात धरून खेळायचं मशीन) प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, भराभर बदलू नका. त्याची दर आवृत्ती नवं मशीन म्हणून धरली जाते, नव्या मशीनची मर्यादा ओलांडली की २४ तास गेम बंद.

नोव्हेंबर २०२१ मध्ये डेनुवोचं डोमेन (परवाना तपासायचा नेटवरचा पत्ता) बंद पडलं, तेव्हा अडकले ते पैसे मोजणारेच! हे अन्यायाचंच आहे. पण क्रॅक (कुलूप तोडलेली चोरटी कॉपी) हा उपाय नव्हे: अँटीव्हायरस बंद करून अनोळखी फाइल चालवली की बँकेचे पासवर्डही गेले समजा.

थोडं थांबता येत असेल तर थांबा, पुढे कुलूप निघूही शकतं. २०१६ च्या ‘डूम’मधून डेनुवो त्याच वर्षी काढलं गेलं. गॉग या कुलपाशिवाय गेम विकणाऱ्या दुकानात तोच गेम मिळत असेल तर तिथूनच घ्या, ऑफलाइन इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर ठेवा. स्टीमवर घेतलाच, तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून रिफंड मागता येतो.