फोर्टमधील ब्रासरी : काही महिन्यांच्या नियमित जाण्यानंतर

मुंबईत काळा घोडा आणि हुतात्मा चौक यांच्या मधल्या एका जुन्या दगडी इमारतीत ही ब्रासरी, म्हणजे बार असलेले फ्रेंच धाटणीचे रेस्टॉरंट, आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून मी तेथे नियमित जात आहे, कधी कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर दुपारी, तर कधी घरच्यांबरोबर रात्री. टेबले इतकी जवळजवळ मांडलेली आहेत की शेजारच्यांचे बोलणे सहज कानावर पडते; तरीही तेथे जावेसे वाटते, कारण उच्च न्यायालयातले वकील, बँकांतली मंडळी आणि जहांगीर कलादालनातून प्रदर्शन पाहून आलेले लोक एकाच वेळी तेथे मनापासून रमलेले दिसतात.

स्वयंपाकघराचा मात्र भरवसा देता येत नाही. कांद्याचे फ्रेंच पद्धतीचे सूप हा त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. कांदा मंद आचेवर तासभर तरी परतावा लागतो, तेव्हाच त्याला गडद तपकिरी रंग आणि किंचित कडवट झाक असलेली गोडी येते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी, हे सूप अगदी तसेच मिळते. वर चीज लावून भाजलेला पाव असतो आणि तो शेवटच्या घासापर्यंत चविष्ट लागतो. शुक्रवारी रात्री मात्र त्याच वाडग्यात फिकट, पाणचट रस्सा आणि दाताखाली करकरणारा कांदा येतो. गर्दीच्या दिवशी कांद्याला द्यायचा वेळच कापला जात असावा. रावसाबरोबरच्या लोण्याच्या सॉसची गत फारशी वेगळी नाही : तो जास्त तापला की फुटतो, आणि गर्दीच्या रात्री तो फुटलेल्या अवस्थेतच ताटात आलेला मी पाहिला आहे.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तरी मेनूतील माशांचे पदार्थ तसेच राहिले. विचारल्यावर वेटरने मासा फ्रोझन असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण ही माहिती ग्राहकाला न विचारता मिळायला हवी होती.

बारचे काम अधिक विश्वासार्ह आहे. नाशिकची शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन नेहमी व्यवस्थित थंड मिळते आणि बारमागील माणसे गर्दीतही शांतपणे काम करतात. रेड वाइन मात्र मुंबईच्या हवेइतकीच कोमट येते. ती साधारण १६ ते १८ अंशांवर खुलते, म्हणून बाटली दहा-पंधरा मिनिटे बर्फात ठेवायला आवर्जून सांगावे. ते आनंदाने ठेवतात.

बिलाबाबत माझी तक्रार गंभीर आहे. खाद्यपदार्थांवरील ५ टक्के जीएसटी आणि मद्यावरील व्हॅट हे कर झाले. त्यांखेरीज सेवाशुल्कही आपोआप जोडलेले असते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच ते असे परस्पर आकारू नये असे सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे योग्य ठरवली. येथे सांगितल्यावर ते वजा करतात, परंतु पाहुण्यांसमोर दर वेळी तसे सांगणे अवघड जाते. वेटरच्या हाती बक्षिशी स्वतंत्रपणे द्यायला माझी मुळीच हरकत नाही.

कुटुंबातील वयस्कर माणसांना न्यायचे असेल तर दुपारचीच वेळ घ्यावी आणि टेबल राखून ठेवताना ते स्वयंपाकघराच्या दारापासून दूर मागावे. शुक्रवारी रात्री जायचेच असेल तर बारपाशी बसून बिअर आणि बटाट्याचे फ्राइज मागवावेत. ते मला तेथे कधीच मऊ पडलेले मिळाले नाहीत.