ग्लू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत माझं काम असं चालायचं: पंधरा-वीस कॉलमचा डेटा आणि प्रत्येक शंकेसाठी नवा कोड, नवा आलेख. एखादा ठिपका बाकीच्यांपासून लांब पडलेला दिसला, की तो इतर आलेखांत कुठे बसतो हे शोधण्यात अर्धा तास जायचा. तोवर मूळ शंकाच डोक्यातून गेलेली असायची.

ग्लू हा पायथनमधला मुक्त-स्रोत प्रोग्राम. जन्म खगोलशास्त्राच्या कामातला, पण साधा तक्ताही त्याला चालतो. स्कॅटरप्लॉट (ठिपक्यांचा आलेख), हिस्टोग्राम (कुठल्या मापाच्या किती नोंदी हे दाखवणारे स्तंभ), प्रतिमा असं सगळं शेजारी शेजारी मांडायचं. एका आलेखात माऊसने घेर ओढला, की त्याच नोंदी बाकी सगळीकडे त्याच रंगात उजळतात. कल्पना जुनी आहे. बेकर आणि क्लीव्हलँड यांचा स्कॅटरप्लॉटवरच्या ‘ब्रशिंग’चा, म्हणजे अशा घेर ओढून निवडण्याचा, लेख १९८७ सालचा. पण कल्पना माहीत असणं वेगळं आणि ती रोज हाताखाली असणं वेगळं.

कुणाला दाखवायचं झालं तर मी पामर पेंग्विनचा डेटा उघडतो. अंटार्क्टिकाजवळची तीन बेटं, तीन जाती, ३४४ पक्षी. आडव्या अक्षावर चोचीची लांबी, उभ्यावर चोचीची जाडी. सगळे पक्षी एकत्र पाहिले तर लांबी वाढते तशी जाडी कमी होताना दिसते. शेजारी पंखांच्या लांबीचा हिस्टोग्राम ठेवा; त्यात दोन उंचवटे आहेत. उजवा उंचवटा निवडला, की चोचीच्या आलेखात खालच्या बाजूचा एक पुंजका पेटतो. हे बहुतेक जेंटू जातीचे. आणि त्या पुंजक्यापुरतं पाहिलं तर लांबीबरोबर जाडी वाढतेय! उलटा दिसणारा कल जाती एकत्र केल्यामुळे आला होता. मग बेटांच्या आलेखात ‘ड्रीम’ बेट निवडा: जेंटू एकही नाही, फक्त उरलेल्या दोन जाती, अडेली आणि चिनस्ट्रॅप. दोन वेळा माऊस ओढला, एक ओळ कोड लिहिला नाही.

ग्लूचं खरं बळ मला उशिरा कळलं. तुमची निवड तो ‘हे अमुक ठिपके’ अशी धरत नाही, नियम म्हणून धरतो: पंख इतक्यापासून इतक्यापर्यंत. त्यामुळे दोन वेगळ्या फाइल एकत्र न करताही काम होतं. कुठला कॉलम कुठल्या कॉलमशी जुळतो एवढं सांगितलं, की पहिल्या फाइलमधली निवड दुसरीतही लागू होते. जुळणी सांगितली नसेल तर तो सबसेट (निवडलेला गट) दुसऱ्या फाइलवर दाखवतच नाही, आणि हे मला योग्य वाटतं.

इथेच मी एकदा चांगला आपटलो. एका फाइलमध्ये तापमान सेल्सिअसमध्ये, दुसरीत फॅरनहाइटमध्ये. दोन्ही कॉलमचं नाव एकच, म्हणून मी ते सरळ समान म्हणून जोडले. आलेख छान उजळले आणि दोन दिवस मी चुकीच्या नोंदींवर विचार करत बसलो. जोडणीत रूपांतराचं सूत्र देता येतं, ते द्यायलाच हवं होतं. आता जोडण्याआधी दोन्ही कॉलमचे किमान-कमाल आकडे बघतो.

मोठ्या डेटात ठिपके एकमेकांवर चढून नुसता काळा डाग होतो. तिथे घनतेचा नकाशा (ठिपके किती दाट आहेत ते रंगाने दाखवणारा) चालू करावा. शिकायला वेळ लागतो. निवडीचे प्रकार (नवी, भर, छेद, वजा) हाताला बसेपर्यंत मी अनेकदा तयार सबसेट पुसून बसायचो.

एक पथ्य मात्र मी कसोशीने पाळतो. घेर ओढत राहिलं की काही ना काही आकार दिसतोच, विशेषतः निवडीत वीस-पंचवीसच नोंदी असतील तेव्हा. म्हणून डेटाचा एक भाग आधीच बाजूला काढून ठेवतो आणि ग्लूमध्ये दिसलेली गोष्ट त्या न पाहिलेल्या भागावर तपासतो. गेल्या महिन्यात माझ्या तीन आवडत्या निरीक्षणांपैकी एकच टिकलं. ते एक मला जुन्या पद्धतीने सापडलं नसतं, कारण त्यासाठी चार कॉलम एकाच वेळी डोळ्यांसमोर लागत होते.