ऑर्डरसाठी ॲप की वेब ॲप? दोन्ही वापरून झाल्यावर

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमची किराणा मालाची होलसेल एजन्सी. साबण, बिस्किटं, चहा, मसाले. पोरं रूटवर फिरून ऑर्डर घेतात, दुसऱ्या दिवशी टेम्पो माल टाकून येतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ऑर्डरसाठी दोन गोष्टी एकत्र चालवायला घेतल्या: प्ले स्टोअरवरून उतरवायचं जुनं अँड्रॉइड ॲप, आणि क्रोममध्ये उघडून 'होम स्क्रीनवर जोडा' केलं की आयकॉन येतो ते नवं वेब ॲप. एक बंद करून पैसे वाचवायचे, एवढाच विचार होता. आज दोन्ही चालू आहेत, आणि का ते सांगतो.

शहरातल्या रूटवर फरक जाणवलाच नाही. राजारामपुरी, शाहूपुरी, कसबा बावडा. रेंज भरपूर, वेब ॲप झकास चाललं. खरी परीक्षा गगनबावड्याच्या रस्त्याला. कळं सोडलं की रेंज येते-जाते, साळवणच्या पुढं पावसात तर देवाचं नाव. "मालक, ऑर्डर गेली का बघा की, हितं नुसतं गोल फिरतंय," असे फोन सुरू झाले.

वेब ॲप ऑफलाइन चालतच नाही असं मात्र नाही. नीट बनवलं असेल तर नेट नसताना पान उघडतं, ऑर्डर भरता येते. आमचंही तसंच होतं. पण ती ऑर्डर थांबते ब्राउझरच्या साठ्यात, आणि घोळ तिथंच आहे. एका पोराचा फोन व्हिडिओंनी तुडुंब भरलेला. जागा करायला त्यानं क्रोमचा सगळा डेटा साफ केला, त्यात पाठवायच्या राहिलेल्या ऑर्डरीही धुऊन गेल्या. जागा फारच कमी पडली तर ब्राउझर स्वतःहूनही साठा उडवू शकतो. ॲपचा डेटा पुसला तर तिथंही हेच होईल, पण कामाच्या ॲपच्या सेटिंगमध्ये शिरून कोण पुसायला जातंय? ब्राउझर साफ करणं मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

दुसरं दुखणं प्रिंटरचं. पोरांच्या कमरेला छोटा थर्मल प्रिंटर असतो, पावती जाग्यावर हातात. आमचे प्रिंटर जुन्या क्लासिक ब्लूटूथचे. वेब ब्लूटूथ, म्हणजे ब्राउझरमधून ब्लूटूथ जोडायची सोय, बोलतं फक्त लो एनर्जी या कमी बॅटरी खाणाऱ्या प्रकारच्या उपकरणांशी. म्हणजे वेब ॲपसाठी सगळे प्रिंटर बदला! तो विषय मी तिथंच बंद केला.

वेब ॲपनं बाजी मारली ती सप्टेंबरात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वड्या, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. वेब ॲपचे दर सर्व्हरवर बदलले, विषय संपला. ॲपवाल्यांनी मात्र कराचे दर आतच ठोकून ठेवलेले. (हे ॲप या प्रकाराचं पाप नव्हे, बनवणाऱ्याचा आळस.) मग नवी आवृत्ती, स्टोअरची तपासणी, आणि प्रत्येक पोराच्या मागं लागून "अपडेट मार की रं". त्या आठवड्यात काही बिलं हातानं दुरुस्त केली.

अर्थात वेबवर बदल लगेच दिसतोच असं समजू नका. पडद्याची रचना बदलली की काहींना जुनंच पान दिसायचं. कारण विचारलं तर कळलं, फोनमध्ये साठवलेली जुनी आवृत्ती त्याची सगळी टॅब बंद होईपर्यंत चालूच राहते, आणि आमची पोरं टॅब कधी बंद करतच नाहीत. बनवणाऱ्यानं कोडमध्ये सोय केली तेव्हा ते थांबलं.

दुकानदारांची गोष्ट निराळी. आठवड्यातनं एकदा ऑर्डर टाकणाऱ्या माणसाला ॲप घ्या म्हणणं जडच जातं. "फोनात जागा न्हाई हो, पोराचे फोटो पुसून टाकू का तुमच्या ॲपसाठी?" असं एका काकूंनी तोंडावर सुनावलं. त्यांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, तिथूनच दोन मिनिटांत ऑर्डर आली. २०१५ मध्ये मिंत्रा या कपड्यांच्या ऑनलाइन दुकानानं वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं आणि पुढं वेबसाइट परत आणावी लागली. एवढ्या मोठ्या दुकानाला जे जमलं नाही ते आम्ही कशाला करायला जातोय?

तर सध्याची वाटणी अशी: दिवसभर ऑर्डर घेणाऱ्या पोरांना ॲप, दुकानदारांना वेब. नवीन सॉफ्टवेअर घेत असाल तर दाखवणाऱ्याला ऑफिसच्या वायफायवर डेमो देऊ देऊ नका. फोन फ्लाइट मोडवर टाकायला लावा, पाच ऑर्डरी भरा, फोन बंद करून चालू करा आणि त्या ऑर्डरी जाग्यावर आहेत का बघा. प्रिंटर तुमचाच न्या.

राहिले आयफोनवाले दुकानदार. त्यांच्यासाठी वेगळं ॲप स्टोअरवर ठेवायचं तर ॲपल डेव्हलपर खात्याला वर्षाला ९९ डॉलर घेतं, गूगल प्ले एकदाच २५. म्हणून त्यांनाही वेबच. आयफोनवर वेब ॲपला नोटिफिकेशन २०२३ मधल्या आयओएस १६.४ पासून मिळतं, तेही होम स्क्रीनवर जोडलं तरच. ते जोडून द्यायचं काम आता पोरांकडं दिलंय, पुढच्या रूटला प्रत्येकाच्या दुकानात उभं राहून करतील.