मेक्सिकन प्रादेशिक संगीत : वर्गणी घ्यावी, यादी मात्र स्वतः करावी

एका मोठ्या संगीत-स्ट्रीमिंग सेवेची सशुल्क वर्गणी घेऊन तिच्यातील मेक्सिकन प्रादेशिक संगीताचा विभाग मी यंदाच्या नागपुरी उन्हाळ्यात सवडीने ऐकला. संग्रह म्हणून तो उत्तम आहे. वाटाड्या म्हणून मात्र तो अपुरा पडतो, कारण अमेरिकेतील हिस्पॅनिक श्रोत्यांनी या बँडना इतके डोक्यावर का घेतले, याचा थांगपत्ता तेथील आयत्या याद्यांमधून लागत नाही.

संग्रहाची खोली समाधानकारक आहे. मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतात १९३८ मध्ये क्रूस लिसार्रागा यांनी उभारलेल्या बांदा एल रेकोदोपासून ते टेक्सासच्या सीमेवरील ग्रुपो फ्रोन्तेरापर्यंत बहुतेक महत्त्वाची नावे शोधताच सापडतात. अडचण अशी की अ‍ॅकॉर्डियन आणि बारा तारांचा बाहो सेक्स्तो यांवर उभे असलेले नोर्तेन्यो, पितळी वाद्यांचा बांदा, व्हायोलिन-गिटार-ट्रम्पेटवर रंगणारे मारियाची आणि मेक्सिकन स्थलांतरितांनी शिकागोत रुजवलेले दुरांगेन्से हे सारे एकाच यादीत एकामागोमाग वाजते. ज्या कानाला या परंपरा आधीच ठाऊक आहेत त्याला ही सरमिसळ चालेल. नवख्याला मात्र प्रत्येक गाणे आधीच्या गाण्यासारखेच वाटू लागते.

याहून गंभीर उणीव शब्दांची आहे. पडद्यावर गाण्याचे बोल सरकतात, पण केवळ स्पॅनिशमध्ये. भाषांतराची सोय मला कोठेही आढळली नाही. या संगीताची लोकप्रियता बोलांतून येते, म्हणून ही गैरसोय किरकोळ मानता येत नाही. सिनालोआतून येऊन कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे स्थायिक झालेल्या लोस तिग्रेस देल नोर्ते या बँडने कोरीदो, म्हणजे घटना सांगत जाणारे कथागीत, स्थलांतरित मजुरांच्या जगण्याशी जोडले. १९८० च्या दशकातील त्यांच्या एका गाजलेल्या गाण्यातील बाप अमेरिकेत कागदपत्रांविना वर्षानुवर्षे राबला आहे, हाती पैसा आहे, पण त्याची मुले इंग्रजीत बोलतात आणि मेक्सिकोला परतायला राजी नाहीत. रेडिओवर किंवा शनिवारच्या नाचाच्या कार्यक्रमात हे ऐकणाऱ्याला आपल्याच घरातले कोणी बोलते आहे असे वाटले असल्यास नवल नाही. अ‍ॅकॉर्डियनचा उत्साही ठेका ऐकून आपण मात्र नागपुरात मान डोलावत राहतो.

पुढची गंमत अशी की अमेरिकेत वाढलेले अशाच कुटुंबांतील अनेक तरुण आज स्पॅनिशमध्ये हेच संगीत वाजवत आहेत. फुएर्सा रेहिदा हा बँड कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोचा आहे. एस्लाबोन आर्मादो या कॅलिफोर्नियाच्याच बँडने मेक्सिकन गायक पेसो प्लुमासोबत गायलेले गाणे २०२३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. जुन्यांचे आकर्षणही ओसरलेले नाही. १९९० च्या दशकात विलग झालेला लोस बुकिस हा बँड २०२१ मध्ये एकत्र आला, तेव्हा त्यांचे कार्यक्रम अमेरिकेतील मोठमोठ्या स्टेडियममध्ये झाले. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक लोक नोंदले गेले आणि त्यांत निम्म्याहून अधिक मेक्सिकन वंशाचे होते, हे ध्यानात घेतले की या श्रोतृवर्गाचा आकार कळतो. अर्थात सगळे हिस्पॅनिक हेच ऐकतात असे समजू नये. न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन आणि डॉमिनिकन वस्त्यांत साल्सा आणि बाचाता या नृत्यसंगीताच्या प्रकारांचे राज्य जुने आहे. सेवेच्या मुखपृष्ठावर हा फरक पुसलेला दिसतो.

ध्वनीच्या दर्जाबद्दल तक्रार नाही, मात्र बांदा मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नये, कारण त्यातील खर्जाचा सगळा भार ट्युबा या मोठ्या पितळी वाद्यावर असतो आणि तो स्वर लहान स्पीकरमधून जवळजवळ नाहीसा होतो. महाल भागातील एका ज्येष्ठ क्लॅरिनेटवादकांना, ज्यांचे आयुष्य लग्नाच्या बँडपार्टीत गेले, मी चांगल्या हेडफोनवर बांदा एल रेकोदो ऐकवले. गायकाची ओळ संपताच क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन आळीपाळीने जागा भरतात, ती शिस्त त्यांना फार आवडली. "आमच्याकडे सगळे एकदमच फुंकतात," असे ते म्हणाले. गायकाच्या आवाजावर ते फारसे खूश नव्हते.

वर्षाची वर्गणी एकदम भरण्याचे कारण मला दिसत नाही. महिन्याची घ्यावी, आयत्या याद्या बाजूला ठेवाव्यात आणि एकेका बँडचे नाव शोधून त्याचे अल्बम सालवार ऐकावेत. सुरुवात लोस तिग्रेस देल नोर्तेपासून करावी आणि बोलांचे भाषांतर दुसऱ्या खिडकीत उघडे ठेवावे.