स्कॉटलंडचं केअरर सपोर्ट पेमेंट: वापरल्यानंतरचं मत, आणि बॉर्डरच्या खाली काय मिळतं तेही

रेटिंग: सर्व्हिसला ५ पैकी ४, पैशाला ५ पैकी २

हा रिव्ह्यू यूकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी आहे, त्यातही ज्यांच्या घरी कोणीतरी अंथरुणाला आहे किंवा अपंगत्व आलंय आणि त्यांचं सगळं घरचंच माणूस करतंय. केअरर सपोर्ट पेमेंट म्हणजे असं सांभाळणाऱ्या माणसाला स्कॉटलंडमध्ये सरकारकडून मिळणारे पैसे. "नवऱ्याचं, लेकराचं करायचे काय पैसे घ्यायचे" असं म्हणून आपल्यातल्या कितीतरी बायका अर्जच करत नाहीत. मला हे खूप लागतं, कारण त्या पैशाबरोबर नॅशनल इन्शुरन्सची क्रेडिट्स येतात, म्हणजे नोकरी सोडून घरी बसलात तरी तुमच्या स्वतःच्या म्हातारपणाच्या पेन्शनची वर्षं भरत राहतात, आणि अर्ज केला नाही तर ती वर्षं रिकामी राहू शकतात.

मी डंडीत राहते. २०२३ मध्ये नवऱ्याला स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, बोलणं आता हळूहळू परत येतंय. मी नोकरी सोडली. माझी मोठी नणंद लेस्टरला असते, तिच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, विशीतला मुलगा आहे आता आणि वन्सं त्याचं जन्मापासून सगळं करतायत. दोघींचं काम तेच, उचलणं, आंघोळ, औषधं, फिजिओ, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट, रात्रीचं उठणं. अटही तीच, आठवड्याला कमीत कमी ३५ तास सांभाळायला हवं. फक्त मी बॉर्डरच्या वर स्कॉटलंडमध्ये आणि त्या खाली इंग्लंडमध्ये, एवढ्याने किती फरक पडतो ते सांगायला हे लिहितेय.

आधी थोडक्यात सिस्टिम. इंग्लंड आणि वेल्समध्ये जे मिळतं त्याला केअरर्स अलाउन्स म्हणतात, ते यूके सरकारचं काम आणि पेन्शनचं खातं, डीडब्ल्यूपी, देतं. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये खातं वेगळं आहे पण रक्कम तीच. स्कॉटलंडने २०१८ मध्ये स्वतःचा सोशल सिक्युरिटीचा कायदा केला आणि मग एकेक बेनिफिट स्वतःकडे घेत गेले. केअरर सपोर्ट पेमेंट नोव्हेंबर २०२३ मध्ये आधी फक्त तीन ठिकाणी चालू झालं, डंडी, पर्थ अँड किनरॉस आणि पश्चिमेकडची बेटं, आणि नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्या स्कॉटलंडमध्ये. ज्यांना आधीपासून केअरर्स अलाउन्स होता त्यांचं आपोआप इकडे वळवलं, परत अर्ज करायला लावला नाही, ही गोष्ट मला आवडली कारण आमच्यासारख्या घरात एक फॉर्म म्हणजे एक रात्र जाते.

मूळ रक्कम मात्र दोन्हीकडे सारखीच, २०२५-२६ साठी आठवड्याला ८३ पौंड ३० पेन्स. ३५ तासांनी भागा, तासाला २ पौंड ३८ पेन्स येतात. त्याच वर्षी नॅशनल लिव्हिंग वेज, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान पगार, तासाला १२ पौंड २१ पेन्स होता. आणि ३५ तास ही नुसती किमान अट आहे हो, आमच्याकडे चोवीस तासातले झोपेचे सोडले तर बाकी सगळे त्यातच जातात, वन्संकडे तर झोपेचेही जातात. ही रक्कम सरळसरळ कमी आहे, वर पण आणि खाली पण, आणि पैशाला मी ५ पैकी २ दिलेत ते पण स्कॉटलंडच्या वरच्या पैशामुळे, नाहीतर १ च दिला असता.

तो वरचा पैसा म्हणजे केअरर्स अलाउन्स सप्लिमेंट. २०२५ पर्यंत जून आणि डिसेंबरमध्ये यायचा, त्या वर्षी दर वेळी २९३ पौंड ५० पेन्स, म्हणजे वर्षाला ५८७ पौंड. हा २०१८ मध्ये चालू झाला, सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडने, म्हणजे तिथल्या बेनिफिट्सच्या सरकारी खात्याने, लोकांना दिलेले हे पहिलेच पैसे. त्यामागचा विचार मला फार पटतो. तेव्हा केअरर्स अलाउन्स हा बेकार भत्त्यापेक्षाही कमी होता, म्हणजे काम शोधणाऱ्याला जास्त आणि दिवसभर घरी माणूस सांभाळणाऱ्याला कमी, तर निदान तेवढी तफावत तरी भरून काढू असं स्कॉटलंडने ठरवलं. कोविडमध्ये जून २०२० ला आणि परत डिसेंबर २०२१ ला हा सप्लिमेंट डबल दिला होता. वेल्सने २०२२ मध्ये केअरर्स अलाउन्स घेणाऱ्यांना एकदाच ५०० पौंड दिले, ते पण चांगलं केलं, पण ते एकदाच. इंग्लंडमध्ये केअरर म्हणून दर वर्षी मिळणारं असं वरचं काहीच नाही.

५८७ पौंड म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. ज्या घरात एक पगार बंद झालाय आणि आजारी माणसाला थंडी चालत नाही म्हणून हीटिंग दिवसभर चालू ठेवावं लागतं, तिथे डिसेंबरचा हप्ता म्हणजे हिवाळ्याच्या बिलातला मोठा तुकडा. आणि महत्त्वाचं म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारं बेनिफिट) असलं तरी हा सप्लिमेंट त्यातून कापत नाहीत. मूळ रक्कम मात्र पौंडाला पौंड कापतात, हे खूप जणांना माहीतच नसतं, त्याऐवजी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये केअरर एलिमेंट म्हणून जादा पैसे वाढवून मिळतात (२०२५-२६ मध्ये महिन्याला २०१ पौंड ६८ पेन्स), तर ते मागायला विसरू नका, वर राहा नाहीतर खाली राहा.

२०२६ पासून हा सप्लिमेंट वर्षातून दोनदा न देता नेहमीच्या पैशातच घालून द्यायचं जाहीर झालंय, आणि एकापेक्षा जास्त जणांचं करणाऱ्यांना जादा माणसामागे आठवड्याला १० पौंड. दुसरी गोष्ट कधीच व्हायला हवी होती, कारण तोपर्यंत तुम्ही एकाचं करा नाहीतर आई आणि मुलगा दोघांचं करा, पैसे तेच. पहिल्याबद्दल मला अजून खात्री नाही, डिसेंबरची एकरकमी रक्कम फार उपयोगी पडते, आठवड्याला ११-१२ पौंड आले तर ते दूध-भाजीतच जाणार. ज्यांचं महिन्याचं गणितच जुळत नाही त्यांना बरं पडेल हे पण खरं.

आता ज्या फरकासाठी मी हा रिव्ह्यू मुळात लिहायला घेतला तो सांगते, तो म्हणजे शिक्षण. इंग्लंडमध्ये नियम असा की आठवड्याला २१ तास किंवा जास्त अभ्यासाचा कोर्स घेतला की केअरर्स अलाउन्स बंद. वन्संना अकाउंट्सचा फुल टाइम कोर्स करायचा होता, घरून काम मिळेल, मुलाकडे लक्ष राहील, चांगला विचार होता. नियम वाचला आणि सोडून दिलं, कारण ते पैसे गेले तर घर चालत नव्हतं. मी इथे कॉलेजात फुल टाइम कोर्सला आहे आणि माझं पेमेंट चालू आहे. स्कॉटलंडमध्ये २० वर्षांचा किंवा त्याहून मोठा केअरर कुठलाही फुल टाइम कोर्स करू शकतो, १६ ते १९ वयाच्यांना युनिव्हर्सिटी किंवा त्या पातळीचा कोर्स असेल तर चालतो, शाळेच्या पातळीचा असेल तर अडचण आहे, काही अपवाद सोडले तर मिळत नाही. १६ ते १८ च्या मुलांसाठी मात्र वेगळी यंग केअरर ग्रँट आहे, २०१९ पासून, वर्षातून एकदा, २०२५-२६ मध्ये साधारण ३९० पौंड, आणि त्यांना आठवड्याला सरासरी १६ तास केलेलं पुरतं. आपल्या घरातली मोठी मुलं दादा-ताई म्हणून किती करतात, बाबांना जेवण भरवून शाळेत जाणारी मुलं मी इथे बघितलीत, त्यांना कोणी हे सांगत नाही, तर प्लीज सांगा. इंग्लंडमध्ये अशी ग्रँट नाही.

वन्सं माझ्यापेक्षा हुशार आहेत, हिशोबाला तर फारच. घरच्या माणसाला सांभाळता म्हणून तुम्ही शिकायचं नाही असं लेस्टरमध्ये म्हणायचं आणि डंडीत म्हणायचं नाही, याला मला काहीही कारण दिसत नाही. मुलगा दुपारी झोपतो तेव्हा त्या पुस्तक उघडून बसल्या तर त्यांचे ३५ तास कमी होतात का? नाही होत. मला याचा खरंच राग येतो.

दुसरा फरक इंडियातून येऊन-जाऊन असणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. केअरर्स अलाउन्सला गेल्या तीन वर्षांपैकी निदान दोन वर्षं इथे राहिलेलं लागतं, स्कॉटलंडमध्ये गेल्या ५२ आठवड्यांपैकी २६ चालतात. आई-बाबांसाठी दोन-दोन वर्षं पुण्याला नाहीतर नाशिकला राहून परत आलेले किती जण आहेत आपल्यात, त्यांना हा फरक मोठा आहे. पण व्हिसाचं नीट बघा! व्हिसावर पब्लिक फंड्स (सरकारी बेनिफिट्स) नाहीत असं लिहिलेलं असेल तर वर-खाली कुठेच स्वतःच्या नावाने अर्ज करू नका, हे पैसे पब्लिक फंड्समध्ये धरतात आणि व्हिसाचीच अडचण होते. आणि आई-वडिलांना ॲडल्ट डिपेंडंट व्हिसावर आणलं असेल तर स्पॉन्सर म्हणून पाच वर्षं तुमची हमी असते, त्या काळात त्यांना स्वतःला कुठलं बेनिफिट मिळतं ते नीट विचारून घ्या, कारण त्यांना अपंगत्वाचं नसेल तर तुम्हाला केअररचं नाही. हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो पण आधी माहीत असलेलं बरं.

सर्व्हिसला ४ का दिले ते सांगते. फॉर्म भरायला मदत हवी म्हटल्यावर त्यांच्या लोकल टीममधली बाई घरी आली, नवऱ्याशी आधी बोलली, त्याला शब्द सापडेपर्यंत थांबली, मला मध्ये बोलू दिलं नाही आणि ते बरोबरच केलं. तिच्या वागण्यात कुठेही असं नव्हतं की आपण मागायला आलोय. स्कॉटलंडच्या २०१८ च्या कायद्यात सोशल सिक्युरिटी हा मानवी हक्क आहे असं लिहिलंय, वाचताना सरकारी भाषा वाटते पण आमच्या किचन टेबलवर मला ती खरी वाटली. दुभाषी पण मागता येतो, घरातल्या मोठ्यांसाठी मागा, लाजू नका.

एक मार्क कापला तो कमाईच्या मर्यादेसाठी, आणि हा दोष वर-खाली दोन्हीकडे आहे. २०२५-२६ मध्ये टॅक्स वगैरे जाऊन आठवड्याला १९६ पौंडांपर्यंत कमावता यायचं, त्याआधी १५१ होतं, वाढवलं ते चांगलं झालं. पण त्या वर्षी १९७ झाले की त्या आठवड्याचे सगळेच्या सगळे ८३.३० गेले. थोडेसे कमी होत जाणं वगैरे काही नाही, सरळ कडा. एखाद्या आठवड्यात ओव्हरटाइम झाला, सुट्टीचे पैसे एकदम आले, संपलं. इंग्लंडमध्ये यातून काय झालं ते २०२४ मध्ये पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल, एक लाख चौतीस हजारांवर केअरर्सच्या डोक्यावर मिळून २५ कोटी पौंडांच्या वर परतफेड, कितीतरी जणांचं तर थोडक्या पौंडांनी वर गेलेलं, आणि टॅक्स खात्याकडून इशारे येत असूनही ते सगळे तपासलेच जात नव्हते, त्यामुळे कर्ज वर्षानुवर्षं वाढत गेलं. सरकारने लिझ सेस नावाच्या बाईंना स्वतंत्र चौकशी करायला लावली, नोव्हेंबर २०२५ मध्ये अहवाल आला, कमाईची सरासरी कशी काढायची याच्या सूचनाच नीट नव्हत्या असं निघालं, आणि जुनी प्रकरणं परत तपासायचं सरकारने मान्य केलं. तुम्हाला अशी नोटीस पूर्वी आली असेल आणि तुम्ही मुकाट भरली असेल तर ती फाइल आता परत काढा.

म्हाताऱ्या केअरर्सचं पण दोन्हीकडे वाईट. स्टेट पेन्शन केअररच्या मूळ रकमेएवढी किंवा जास्त असली की हे पैसे मिळत नाहीत, आणि स्कॉटलंडचा सप्लिमेंट पण मिळत नाही, कारण तो प्रत्यक्ष पैसे मिळणाऱ्यांनाच आहे. सत्तरीची बायको पंच्याहत्तरीच्या नवऱ्याला उचलते तिला काही नाही. तरी अर्ज करायचाच, कारण कागदावर हक्क सिद्ध झाला की पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना मिळणारं बेनिफिट) केअरर म्हणून भर पडू शकते, २०२५-२६ मध्ये ती आठवड्याला ४६ पौंड ४० पेन्सपर्यंत होती.

साताऱ्याहून भाऊ विचारत होता, आपल्याकडे असं काही आहे का. तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो द्यायचा कसा आणि किती हे राज्यांवर आहे. केरळात आश्वासकिरणम् नावाची योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये. म्हणजे तिथेही तेच, तुम्ही कुठल्या राज्यात राहता यावर.

अर्ज करणाऱ्यांसाठी शेवटचं. आधी आजारी माणसाचं बेनिफिट मंजूर हवं, स्कॉटलंडमध्ये ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंटचा डेली लिव्हिंगचा भाग, इंग्लंडमध्ये पिपचा (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, तिथलं अपंगत्वाचं बेनिफिट) तोच भाग, पेन्शनच्या वयाचे असतील तर इथे पेन्शन एज डिसॅबिलिटी पेमेंट आणि तिकडे अटेंडन्स अलाउन्स. ते आलं की थांबू नका, मागचे साधारण तीन महिनेच धरतात. ते माणूस एकटं राहत असेल आणि त्यांना काही बेनिफिट मिळत असतील तर तुमच्या अर्जामुळे त्यांचं कमी होऊ शकतं, ते आधी विचारून घ्या. स्कॉटलंडचा फोन ०८०० १८२ २२२२, फ्री आहे. पार्ट टाइम करत असाल तर प्रत्येक पेस्लिप फोटो काढून ठेवा आणि पगारात जरा जरी बदल झाला तरी त्याच आठवड्यात कळवा.